एकशे सतरा नंबरची शांतता

१

कौशल्याबाईंना ऐकू येत नाही, हे सरोजिनी नगरात भाजीवाल्यापासून टपालवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी एक ताप आला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. वाचा मात्र शाबूत राहिली, आणि जरा जास्तच ठणठणीत, कारण आपला आवाज किती चढलाय हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. समोरच्याचे ओठ वाचून त्या निम्मं समजून घ्यायच्या आणि उरलेलं निम्मं स्वतःच्या मनानं ठरवून मोकळ्या व्हायच्या.

त्यांच्या घरात एक रीत होती. बाहेरून कुणीही आलं, की मागून जाऊन आधी त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवायचा. एकदम समोर उभं राहिलं की बाई दचकायच्या, हातातलं सांडायच्या, वर चिडायच्या. हात ठेवला की मान न वळवता तो थोपटायच्या, "आलीस?" म्हणायच्या आणि काम पुढे चालू. मुलगी वैभवी पंचवीस वर्षांची झाली तरी रोज हेच करायची. गुणवंतराव, म्हणजे वडील, केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. घरी असले की तेही तसंच करायचे.

दोन वर्षांपूर्वी वैभवीनं गुडगावात नोकरी धरली होती. तिसऱ्याच आठवड्यात आईनं दूध उतू घालवलं, बर्नर विझला, गॅस घरभर झाला आणि बाईंना पत्ता नाही. शेजारच्या शेवंताबाई विरजण मागायला आल्या म्हणून निभावलं. वैभवीनं दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. तेव्हापासून ती घरातच होती, आणि आईला ते गिळलेल्या काट्यासारखं सलत होतं.

आता तर शेवंताबाईही नव्हत्या. क्वार्टर पाडून टॉवर बांधायचे म्हणून ब्लॉक रिकामा होत आला होता. आठ घरांपैकी सहांना कुलपं लागली होती आणि कुलपांवर खात्याची लाखेची मोहोर. वरचा मजला तर दिवाळीपासून बंद.

२

एवढ्यात एक नोकरी चालून आली. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका कचेरीत, सोमवारी सकाळी नऊला कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं. आईनं पेढे आणले. वैभवीनं एक पेढा खाल्ला खरा, पण मनात ती तास मोजत होती. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा आई एकटी, आणि आजूबाजूला सगळी कुलपं.

भिस्त होती ती 'चाहूल'वर. हे एक फुकट अॅप, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं. फोन घरातले आवाज ऐकतो, ओळखतो, आणि बहिऱ्या माणसाच्या मनगटावरचा पट्टा थरथरतो. पट्ट्यावर शब्द उमटतो: बेल, कुकर, नळ, ठकठक. फरीदाबादच्या एका कारखान्यात इंजिनीअर असलेल्या जयदीप कोठावळेनं ते आपल्या बहिऱ्या बहिणीसाठी सुरू केलं होतं. वैभवी गेली दोन वर्षं त्यात भर घालत होती. पगार नव्हता, पण आपल्या आईचं घर आपणच राखतोय, असं तिला वाटायचं.

अॅपमध्ये एक उणीव होती. हलका आवाज त्याला ऐकू यायचा नाही. गॅस सुटल्याचा फुसफुस आवाज, हलकी टकटक, अनवाणी पावलं, सगळं निसटायचं. सोमवारच्या आत हे सुधारायचं, असं वैभवीनं ठरवलं आणि त्या मंगळवारी आपला पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, तयार केली.

पॅच जयदीपकडे पाठवायच्या आधी टेस्ट बिल्ड करावं लागे. आपण बटण दाबायचं, मग सात ठिकाणची सात मशीनं आपापलं अॅप बांधतात आणि त्याला चारशे बारा रेकॉर्डिंग ऐकवतात. कुठं कुकरच्या तीन शिट्ट्या, कुठं पडलेलं भांडं. अॅपनं जे ऐकायला हवं ते ऐकलं तर हिरवं, नाहीतर लाल. चाळीस मिनिटांचा मामला. सगळं हिरवं झाल्याशिवाय जयदीप पॅचकडे बघायचाही नाही. वैभवीनं केलेलं प्रत्येक बिल्ड, लाल असो वा हिरवं, आईच्या फोनवर आपोआप उतरायचं. तशी सोय तिनंच करून ठेवली होती, म्हणजे खऱ्या घरातही परीक्षा व्हावी.

चारशे बारांत काही रेकॉर्डिंग नुसत्या शांततेची होती. अॅप उगाच वाजू नये म्हणून तीही लागतात. एकशे सतरा नंबरचं वैभवीनंच दिलेलं होतं. गेल्या हिवाळ्यात आई बाजारात गेली असताना तिनं फोन आईच्या उशीवर ठेवला, दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि अंगणात श्वास रोखून उभी राहिली. रिकामं घर, बारा सेकंद. उत्तर अपेक्षित होतं: काही नाही.

मंगळवारी चारशे अकरा हिरवी आली. एकशे सतरा लाल. त्यापुढे लिहिलं होतं: पावलं, एक.

३

वैभवी हसली. अॅपचे कान तिखट केले की ते भास ऐकणारच. तिनं हेडफोन लावून ते बारा सेकंद ऐकले. घराची ती पोकळ सांय सांय, लांबून एका कबाडीवाल्याची हाक, बस्स. तिनं कोडमधला एक आकडा किंचित बदलला आणि बुधवारी पुन्हा बटण दाबलं.

पावलं, दोन.

आता हे जरा नवलच. तिनं आकडा पूर्वीचा केला, म्हणजे कोड मंगळवारी होतं तस्संच, एका स्वल्पविरामाचाही फरक नाही. पुन्हा बिल्ड. पावलं, दोन. कालच्या कोडला काल एक ऐकू आलं होतं, त्याच कोडला आज दोन. रेकॉर्डिंग तेच आहे का, म्हणून फाइल तपासली. वर्षभरात तिला कुणी हात लावला नव्हता.

मशीन बिघडलंय म्हणावं, तर सात मशीनं होती. एक फरीदाबादला जयदीपच्या टेबलाखाली, एक पुण्यात, बाकीची परदेशात कुणाकुणाच्या माळ्यावर नि तळघरात. त्यांची एकमेकांशी ओळख ना पाळख. बिघाड झाला तर एकाचा होईल, आणि प्रत्येकाचा वेगळा होईल. इथं सातच्या सात मशीनं एक सूर लावून बसली होती.

गुरुवारी तिनं काहीच न बदलता बटण दाबलं. चाळीस मिनिटं ती स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली, पण लक्ष सगळं बाहेरच्या खोलीतल्या लॅपटॉपकडे. आकडा काय येणार हे तिला मनातून माहीत होतं आणि ते माहीत असल्याचाच तिला राग आला होता. सातही मशीनांवर तीन आले.

मागच्या खोलीत आई खिडकीकडे तोंड करून खाटेवर बसली होती. वैभवीनं जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. आईनं तो थोपटला.

"पट्टा उगाच वाजतो का गं कधी?" वैभवीनं समोर येऊन, ओठ नीट हलवत विचारलं.

"छे, बिल्कुल नाही," आई म्हणाली. "तू सोमवारची साडी काढलीस का इस्त्रीला?"

४

शुक्रवारी चार. तिनं जयदीपला फोन लावला. तो कारखान्याच्या दारात चहा पीत असावा, मागे ट्रकांचे हॉर्न वाजत होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग आपल्या शांत पद्धतीनं तिची समजूत घातली. काही टेस्ट लहरी असतात. मनात येईल तेव्हा पास, मनात येईल तेव्हा नापास. एवढं काय घेऊन बसलीस, यार.

"लहरी टेस्ट पुढेमागे होते, दादा," वैभवी म्हणाली. "ही रोज एकानं वाढतेय."

पलीकडे चहाचा ग्लास खाली ठेवल्याचा आवाज आला.

"घरात तू एकटी असतेस का?" त्यानं विचारलं. मग स्वतःच सावरून म्हणाला, की नाही, सहज विचारलं, तू रेकॉर्डिंगच बदलून टाक ना. तिनं शुक्रवारीच दुपारी, आई दळण आणायला गेल्यावर, नवीन शांतता रेकॉर्ड केली. तीच उशी, तसंच बाहेरून कुलूप, तेच बारा सेकंद. सातही मशीनांनी नव्या रेकॉर्डिंगमध्ये पावलं ऐकली. चार.

शनिवारी पाच आणि रविवारी सकाळी सहा. जुन्यात तेवढीच, नव्यात तेवढीच.

आता माणसाची अक्कल असते शहाणी, पण पाय ऐकत नाहीत. रविवारी आई अंघोळीला गेली, तशी वैभवी मुख्य दाराशी जाऊन उभी राहिली आणि मोजत चालू लागली. बाहेरची खोली, मधला बोळ, मागची खोली. सरकारी क्वार्टर ते केवढं असणार. दारापासून आईच्या खाटेपर्यंत सरळ रेषेत नऊ पावलं भरली. ती दाराशी परत गेली, पुन्हा मोजत निघाली आणि सहाव्यावर थांबली. सहावं पाऊल मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर पडत होतं.

ती तिथं उभी राहिली. घरात नुसता न्हाणीघरातल्या पाण्याचा आवाज होता. समोर खाट, खाटेवर आईची शाल, खिडकीतून पडलेलं जानेवारीचं पांढुरकं ऊन. काहीसुद्धा नव्हतं. मग आपण दाराच्या चौकटीला अंग चिकटवून, बाजूला सरकून का उभ्या आहोत, हे तिला कळेना. कुणाला तरी वाट करून द्यावी तशी ती उभी होती.

५

दुपारी बारा वाजले. संध्याकाळी पाचला नवी आवृत्ती निघणार होती, आणि उद्या नऊला नोकरी. पॅच गेला नाही तर गॅसचा आवाज ओळखणारं 'चाहूल' निघणार नाही. ते निघालं नाही तर आईला एकटं ठेवता येणार नाही, आणि ही दुसरी नोकरीही बुडणार. सगळं अडलं होतं ते एका रिकाम्या खोलीच्या बारा सेकंदांपाशी.

तेव्हा वैभवीनं जे केलं, ते तिच्या जागी तिच्या धंद्यातल्या कुणीही केलं असतं. वर त्याला हुशारीही म्हटलं असतं. प्रत्येक घराचा आपला असा एक आवाज असतो, फ्रिजची घरघर, वायरीची गुणगुण. तो आधी अॅपला ऐकवून ठेवायचा आणि सांगायचं, की हे ऐकू आलं तर ते धरू नकोस, वजा कर. अशी सोय 'चाहूल'मध्ये होतीच. वैभवीनं आपल्या घराचा आवाज म्हणून एकशे सतरा नंबरचं रेकॉर्डिंग लावून दिलं. यात जे काही आहे त्याला शांतताच समज, असं तिनं अॅपला शिकवलं.

चाळीस मिनिटांनी चारशे तेराच्या चारशे तेरा हिरवी आली, जुनी शांतताही आणि नवीही. जयदीपनं पॅच घेतला आणि 'अच्छा काम' असं लिहून पाठवलं. आईच्या फोनवर नवं बिल्ड उतरलं. वैभवीनं परीक्षा म्हणून स्वयंपाकघरात गॅसचं बटण क्षणभर न पेटवता फिरवलं, तर मागच्या खोलीतून आई मोठ्यांदा ओरडली, गॅस बघ म्हणून. किती दिवसांनी त्या दोघी मनापासून हसल्या.

६

सोमवारी कचेरीत वेळ कसा गेला कळलं नाही. अर्ज, फोटो, शिक्के, बायोमेट्रिक. वैभवी दर तासाला आईला मेसेज टाकत होती आणि आईची उत्तरं येत होती. जेवले. मटार घेतले, महाग झालेत. बाबांचा गुवाहाटीहून मेसेज होता. तीनच्या सुमाराला नव्या खुर्चीवर बसल्यावर तिला आपण उगाच धास्तावलो असं वाटलं. पहिल्या पगारात आईला काय घ्यावं याचाही विचार तिनं केला.

साडेतीनला आईचा लांबलचक मेसेज आला. कौशल्याबाई बोलायच्या तशाच लिहायच्या, एका दमात.

"वैभू आज खूप बरं वाटलं पट्टा एकदाही वाजला नाही. आता सांगते तेव्हा सांगितलं नाही कारण तू नोकरीला नाही म्हणाली असतीस. गेले सहा दिवस वाजायचा पावलं म्हणून. रोज एकदा. मी लगेच मागे वळून बघायची कुणी नसायचं आणि मग दिवसभर बंद. मी वळले की थांबायचं. आज एकदा पण नाही. तू छान दुरुस्त केलंस."

वैभवीनं तो मेसेज दोनदा वाचला. रोज एकदा, आणि आई वळली की बंद. दिवसाला एक पाऊल. सात ठिकाणच्या सात मशीनांत शोधत बसली होती ती, काखेत कळसा नि गावाला वळसा. मोजणी तिच्या घरात चालली होती, आणि ती तिच्या आईनं रोज रोखून धरली होती, नुसती मागे वळून बघून. आणि काल दुपारी तिनं स्वतःच्या हातानं तो पट्टा मुका केला होता.

तिनं लिहिलं: आई मागे बघ. मेसेजखाली एकच खूण आली. तो पोचलाच नाही. आई मटार सोलायला बसली की मोबाइलचं इंटरनेट बंद ठेवायची, उगाच डेटा जातो म्हणून.

७

पोट दुखतंय असं साहेबांना सांगून ती निघाली. जनपथच्या मेट्रोत उभ्याउभ्या तिनं फोनवरूनच आपला कालचा बदल मागे घेतला आणि बिल्डचं बटण दाबलं. एकशे सतराला पुन्हा शांतता समजायचं नाही, एवढाच बदल. नेट चालू झालं की आईच्या फोनवर आपोआप उतरेल, मग पट्टा वाजेल, मग आई वळेल. चाळीस मिनिटं. हिशेब एवढाच होता आणि तिला तो पुन्हा पुन्हा मनात घोळवावासा वाटत होता.

लाजपत नगरला गाडी बदलताना बारा टक्के झालं होतं. साउथ एक्स्टेन्शनला तीस. ती शेजारच्या बाईच्या खांद्याला धडकली आणि माफीही मागायला विसरली. आईनं नेट लावलं होतं, कारण मेसेजखाली आता दोन खुणा दिसत होत्या. पण वाचल्याची निळी खूण नव्हती.

सरोजिनी नगरला ती जिना चढून वर आली. बाजाराच्या गर्दीतून, कपड्यांच्या ढिगांतून, "सौ रुपया, सौ रुपया" ओरडणाऱ्या पोरांना ढकलत ती निघाली आणि क्वार्टरांच्या कुंपणाशी पोचली तेव्हा फोन खणकला. बिल्ड पूर्ण झालं होतं.

तिला लाल हवं होतं. नऊ असो, आठ असो, पण लाल हवं होतं. सातही मशीनांनी एकच उत्तर दिलं होतं. एकशे सतरा: काही नाही. पास. दुसरं रेकॉर्डिंगही पास. रिकाम्या घराच्या बारा सेकंदांत आता कुणीच चालत नव्हतं.

जे त्या बारा सेकंदांत होतं ते आता तिथं उरलं नव्हतं, एवढं तिला कळलं. याहून पुढे तिनं विचार केला नाही, ती धावत सुटली.

मागच्या गल्लीतून घर जवळ पडायचं. गल्लीत पाडलेल्या ब्लॉकच्या विटा पडल्या होत्या, त्या ओलांडत ती आपल्या मागच्या खिडकीशी आली. उन्हं उतरली होती, पण उजेड होता. जाळीला नाक लावून तिनं आत पाहिलं.

आई खाटेवर बसली होती, खिडकीकडे तोंड करून, मांडीवर मटारची परात. मान खाली. बोटं शेंगा फोडत होती. तिच्या मागे मधल्या बोळाचं दार उघडं होतं आणि तिथला काळोख नेहमीचाच होता. वैभवीच्या घशातून सुस्कारा निघाला. आई सुखरूप होती.

मग तिला शाल दिसली. डाव्या खांद्यावरची शाल खाली दबली होती.

आईची बोटं थांबली. तिनं उजवा हात उचलला, मान न वळवता डाव्या खांद्यापाशी नेला आणि तिथं दोनदा थोपटलं.

"आलीस?" तिचा तो मोठा आवाज जाळीतून स्पष्ट ऐकू आला. "हात किती गार पडलाय गं तुझा."

वैभवीनं दोन्ही मुठी खिडकीवर आपटल्या. आईच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. आईनं डावा हात वळवून पट्ट्यावरचा शब्द वाचला: ठकठक. जरा नवल वाटून तिनं मान वर केली आणि खिडकीत तिला वैभवी दिसली.

आई तिच्याकडे बघतच राहिली. तिचा उजवा हात अजून खांद्यावरच होता, आणि तो तिला काढून घेता येत नव्हता.